'अचानक मरण' नावाचा एक कॅफे

गोव्यात बारला नाव ठेवायची एक ठरलेली रीत आहे. देवाचं नाव, संताचं नाव, बायकोचं नाव, नाहीतर थोरल्या मुलीचं नाव. 'महालक्ष्मी बार अँड रेस्टॉरंट' अशी पाटी वाचून बाहेरगावचा माणूस हसतो, आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. सान्त आंतोनच्या नावाचा बार तर शोधायलाही जावं लागत नाही. पण 'अचानक मरण बार' अशी पाटी लावायची छाती आपल्यापैकी कोणाची होणार नाही. परवान्याचा अर्ज घेऊन गेलात तर खिडकीपलीकडचा कारकूनच म्हणेल, "पात्रांव, दुसरें नांव पळयात."

बेल्जियमच्या राजधानीत, ब्रसेल्समध्ये, मात्र नेमक्या याच नावाचा कॅफे १९२८ पासून आहे. 'आ ला मॉर स्युबित'. मॉर म्हणजे मरण, स्युबित म्हणजे अचानक आलेलं. पुन्हा फ्रेंच भाषेत 'बिएर' या एकाच उच्चाराचे दोन अर्थ आहेत. एक बिअर आणि दुसरा शवपेटी. म्हणजे 'अचानक मरण' या नावाच्या दुकानात बसून माणूस जे मागतो, त्याला कानाने दोन्ही म्हणता येतं! ब्रसेल्सच्या बोलीत अशा तिरकस थट्टेला 'झ्वान्झ' असा खास शब्द आहे. स्वतःची, शेजाऱ्याची आणि वेळ पडली तर यमाचीही टिंगल करायची, पण चेहरा गंभीर ठेवायचा. आपल्याकडच्या खेळतियात्रांतल्या नटांना हे लगेच समजेल.

हा कॅफे मी पाहिला तो गेल्या मे महिन्यात. माझी भाची लूव्हेनच्या विद्यापीठात संशोधन करते. "मामा, निवृत्त झाल्यावर येतो म्हणू नका, तोवर मी इथे नसेन," असं तिने बजावलं, म्हणून खात्याचा ना-हरकत दाखला काढला, साठवलेली अर्जित रजा खर्ची घातली आणि निघालो. मी यूडीसी. परदेश म्हणजे आमच्यासाठी फाईलवर येणारा शब्द. लोक ब्रसेल्सला जाऊन लघवी करणाऱ्या त्या छोट्या पुतळ्यासमोर फोटो काढतात. तो मीही काढला. पण भाचीला सांगून ठेवलं होतं की एखादी जुनी, अजून चालती असलेली जागा दाखव. वस्तुसंग्रहालय नको, जिथे लोक अजून बसतात अशी. ती म्हणाली, "मग आधी बिअर कशी होते ते बघा, आणि नंतर ती जिथे पितात ते बघा. उलट केलंत तर काही कळणार नाही." तिचा क्रम बरोबर होता, म्हणून मीही त्याच क्रमाने सांगतो.

ब्रसेल्सच्या दक्षिणेकडच्या मोठ्या रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आंदेरलेख्त भागात, काँतियों नावाची ब्रुअरी आहे. स्थापना १९००. बाहेरून पाहिलं तर आपल्या म्हापशाच्या एखाद्या जुन्या गोदामासारखी. आत लाकडी जिने, ओळीने रचलेली पिंपं, आणि कोळ्यांची जाळी. जाळी मुद्दाम काढत नाहीत. पिंपांपाशी माश्या आणि चिलटं येतात, त्यांचा बंदोबस्त कोळी करतात. फवारणी केली तर बिअरच बिघडेल.

सगळ्यात वर, छपराच्या लगेच खाली, तांब्याचं एक पसरट उथळ भांडं आहे. भांडं म्हणायचं तरी कसं, साडेसात हजार लिटरचा तो एक तलावच आहे. मोड आणलेलं जव आणि साधारण एक तृतीयांश कच्चा गहू यांचा काढा उकळून रात्री या तलावात ओततात आणि उघडाच ठेवतात. छपराच्या फटींतून, झरोक्यांतून थंड हवा येते, काढा निवतो आणि हवेतले, लाकडातले, भिंतींतले जंतू त्यात उतरतात. यीस्ट कोणी टाकत नाही. सकाळी तो काढा पिंपांत भरतात आणि तिथे तो आपणहून फसफसायला लागतो. हे काम फक्त ऑक्टोबर ते एप्रिलच्या थंडीत चालतं. उन्हाळ्याच्या हवेत नको ते जंतू बळावतात. मी गेलो तेव्हा मे होता, तलाव कोरडा होता.

या बिअरचं नाव लाम्बिक. पिंपात ती वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं राहते. मग जुनी आणि नवी एकत्र करून बाटलीत भरतात. नव्या लाम्बिकमध्ये थोडी साखर शिल्लक असते, जुन्यातले जंतू ती खातात, आणि बाटलीतच पुन्हा फेस धरतो. या मिश्रणाला ग्योझ म्हणतात. आंबट चेरी घालून मुरवलेली ती क्रीक. खडीसाखर घालून गोड केलेली, गरिबांची, ती फारो. मिश्रण करणारा माणूस कुठल्या पिंपातलं किती घ्यायचं ते जिभेने ठरवतो. त्याचं कोष्टक नसतं.

फेरी संपल्यावर पेल्यात ग्योझ मिळाली. पहिल्या घोटाला डोळे मिटले. कोकमाचं आगळ पाणी न घालता प्यावं तसा आंबटपणा, त्यामागून ओल्या लाकडाचा आणि थोडासा गोठ्याचा वास. "आंबट आहे ना?" भाचीने विचारलं. "आंबट नाही गे बाय, बिंबलं आहेत ही." पण दुसऱ्या घोटाला जीभ सरावली आणि तिसऱ्याला आवडलं. माझ्यासारख्या वर्षातून चार वेळा पिणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त सांगता येणार नाही.

तो गोठ्याचा वास येतो कुठून, याचाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिअरच्या धंद्यात मोठी उलथापालथ झाली. किण्वन म्हणजे जिवंत सूक्ष्म जंतूंचं काम आहे हे लुई पाश्चरने दाखवलं आणि १८७६ साली बिअरवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत एमिल हान्सन याने एकाच जातीचं निर्भेळ यीस्ट वेगळं काढलं आणि १८८३ पासून तिथे ते वापरात आलं. त्यानंतर बिअर म्हणजे दर वेळी तीच चव, तोच रंग, तोच भरवसा असं समीकरण झालं. हवेतून येणारे जंतू ही नासाडी ठरली. १९०४ साली त्याच कार्ल्सबर्गमधल्या क्लाउसन या संशोधकाला जुन्या इंग्लिश बिअरमध्ये एक वेगळं यीस्ट सापडलं. त्याने त्याला 'ब्रेटानोमायसेस' म्हटलं, म्हणजे ब्रिटनची बुरशी. १९२१ साली त्याचीच एक जात ब्रसेल्सच्या लाम्बिकमधून वेगळी करण्यात आली आणि तिच्या शास्त्रीय नावात ब्रसेल्स शहराचं नाव घातलं गेलं. आज जगभरचे वाईन बनवणारे या यीस्टला घाबरून असतात, कारण वाईनमध्ये ते शिरलं की तिला तोच गोठ्याचा वास येतो. ब्रसेल्सवाल्यांनी मात्र त्याला घरातलं माणूस करून ठेवलं.

हे ऐकताना गोव्याचा माणूस गप्प कसा राहील? माडावरून रेंदेर सूर उतरवतो तेव्हा त्यात यीस्ट कोण टाकतो? काजूची बोंडं तुडवून रस भांड्यात ठेवतात, तो दोन-तीन दिवसांत आपणहून फसफसतो आणि मग भाटीवर चढतो. हुर्राक आणि फेणी दोन्ही त्यातूनच निघतात. आपले सांनां फुगतात ते सुरावर. पोदेराचा पाव एके काळी सुरावरच फुगायचा. पाश्चर आणि हान्सन यांच्या आधीचं जग आपल्या काजूच्या डोंगरांवर दर उन्हाळ्यात अजून सुरू होतं. फरक इतकाच की तिथे त्यासाठी थंडी लागते आणि इथे मार्च-एप्रिलचं ऊन.

आता कॅफेकडे वळू. ब्रसेल्सच्या मध्यवर्ती स्टेशनवरून थोडं चाललं की काचेच्या छपराची एक सुंदर जुनी बाजारगल्ली लागते. सां-ह्युबेर गॅलरी, उद्घाटन १८४७. तिच्या उत्तरेच्या टोकाला बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे मॉर स्युबित दिसतो. रस्त्याच्या नावाचा अर्थ 'भाजीपाल्याची टेकडी'. नाव दोन भाषांत लिहिलेलं असतं, वर फ्रेंच आणि खाली डच. ब्रसेल्समध्ये सरकारी कारभाराची प्रत्येक पाटी, प्रत्येक अर्ज दोन्ही भाषांत. गोव्यातल्या मराठीभाषक कारकुनाची नजर अशा पाटीवर जरा जास्त वेळ रेंगाळते, त्याचं कारण मी इथे उगाळत बसत नाही. भाषेवरून हा देशही काही कमी भांडलेला नाही. माझी भाची जिथे शिकते ते लूव्हेनचं विद्यापीठ १९६८ साली भाषेवरूनच दुभंगलं आणि फ्रेंच विभागाला दुसरं गाव वसवून तिथे जावं लागलं. पण कॅफेचं नाव फ्रेंच, मालकाचं आडनाव फ्लेमिश आणि बिअर आसपासच्या डच बोलणाऱ्या खेड्यांची, याबद्दल मात्र कोणाची तक्रार नाही.

आत शिरलं की लांबलचक उंच दालन. मध्ये खांबांच्या ओळी, भिंतींवर मोठमोठे आरसे, लाकडी बाकं आणि हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली मेजं. भिंती मुरलेल्या तुपाच्या रंगाच्या. हा रंग रंगाऱ्याने दिलेला नाही, पिढ्यानपिढ्यांच्या सिगारेटींनी दिलेला आहे. १ जुलै २०११ पासून बेल्जियमच्या कॅफेंत धूम्रपानाला बंदी आली, त्यामुळे भिंतींचं पुढचं पिवळेपण तिथेच थांबलं. संगीत नाही, टीव्ही नाही. एका मेजावर दोन म्हातारे वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचत होते, दुसऱ्यावर आमच्यासारखे परदेशी, आणि कोपऱ्यात गळ्यात ओळखपत्र लटकवलेली ऑफिसातली चार माणसं घड्याळाकडे बघत जेवत होती.

त्या चौघांमुळेच नावाची गोष्ट नीट कळली. तेओफिल व्होसेन हा या कॅफेचा मूळ मालक. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो जवळच 'ला कूर रोयाल' नावाचा कॅफे चालवायचा. तिथून बेल्जियमची नॅशनल बँक जवळ. १८५० साली स्थापन झालेली ही देशाची मध्यवर्ती बँक. तिथले कारकून जेवणाच्या सुट्टीत व्होसेनकडे यायचे, पाव खायचे, बिअर घ्यायचे आणि फासे टाकायचे. हरणाऱ्याने बिअरचे पैसे द्यायचे. खेळ रंगात आला की बँकेत परतायची वेळ व्हायची. डाव अर्धवट सोडला तर पैसे कोणी द्यायचे हा तंटा. म्हणून त्यांनी एक नियम केला. वेळ संपत आली की शेवटचा एकच झटपट डाव, त्यात जो हरला तो मेला. त्या डावाचं नाव 'मॉर स्युबित'. पुढे व्होसेनने १९२८ साली आताच्या जागेत बिऱ्हाड हलवलं तेव्हा त्याने राजाराणीचं भारदस्त नाव मागे टाकलं आणि गिऱ्हाइकांच्या तोंडचं हे नाव पाटीवर चढवलं. नंतर तेच नाव बिअरलाही मिळालं. आज ती बिअर बऱ्याच देशांत जाते. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात कोणी ती बाटली उघडली की नकळत काही कारकुनांच्या संपत आलेल्या सुट्टीचं नाव घेतो.

मला ही गोष्ट फार भावली. इतिहासाच्या पुस्तकात कारकून कधी सापडत नाही, त्याच्या हातचा कागद तेवढा सापडतो. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या पुराभिलेखागारात बसून मराठे आणि पोर्तुगीज यांचे संबंध उलगडले, ते कोणत्या कागदांवरून? व्हिसरेयच्या सही-शिक्क्याखालचा मजकूर कोणी तरी लेखनिकानेच लिहिला होता. त्याने दुपारी काय खाल्लं, कोणाशी थट्टा केली, याची नोंद नाही. ब्रसेल्सच्या त्या बँकेच्या कारकुनांचीही नावं राहिली नाहीत. पण त्यांची थट्टा राहिली. ती राहिली कारण एका दुकानदाराने ऐकलं आणि पाटीवर लिहिलं.

आता तारखा जरा जवळ ठेवून बघा. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियम व्यापला आणि ब्रुअऱ्यांची तांब्याची भांडी काढून नेली. १९०० च्या सुमारास या चिमुकल्या देशात ३,००० हून जास्त ब्रुअऱ्या होत्या. युद्धानंतर त्यांतल्या शेकडो पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. युद्ध संपल्यावर, २९ ऑगस्ट १९१९ ला, एक कायदा झाला. समाजवादी पुढारी आणि तेव्हाचे न्यायमंत्री एमिल व्हान्डरव्हेल्ड यांच्या नावाने तो ओळखला जातो. कॅफेत कडक दारू विकायला बंदी. दुकानातून घ्यायची तर एका वेळी किमान दोन लिटर घ्यावी लागे. हेतू असा की मजुराच्या हाती एकदम तेवढे पैसे येणार नाहीत आणि त्याचा पगार घरी पोचेल. दारूबंदी नव्हे, पण गरिबापुरती जवळजवळ दारूबंदीच. हा कायदा रद्द झाला १९८३ साली, म्हणजे चौसष्ट वर्षांनी.

मॉर स्युबितचं दार उघडलं ते या कायद्याच्या राज्यात. याचा अर्थ पहिली पंचावन्न वर्षं या कॅफेत जेनेव्हरचा, म्हणजे तिकडच्या कडक दारूचा, पेला कायद्याने मिळू शकत नव्हता. मिळायची ती बिअर. कायद्याचा दुसरा परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नसेल. ज्यांना कडक हवं होतं त्यांच्यासाठी बिअरच कडक होत गेली. आठ-नऊ टक्क्यांच्या ज्या बिअरसाठी बेल्जियम आज प्रसिद्ध आहे, त्यांतल्या पुष्कळ या दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रुजल्या. वेस्टमालच्या मठातल्या भिक्षूंची साडेनऊ टक्क्यांची 'ट्रिपेल' १९३४ ची. पत्रादेवीच्या चेकनाक्यावर ज्यांच्या पिशव्या तपासल्या गेल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, की दारूचा कायदा माणसाचं पिणं बंद करत नाही, त्याला फक्त वळण देतो. कधी वाईट वळण देतो. बेल्जियमला ते जरा बरं लागलं.

खाण्याचं सांगायचं राहिलं. अशा जुन्या कॅफेत भरपेट जेवण मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. इथलं स्वयंपाकघर बिअरच्या सेवेला असतं. मी मागवला तो जाड पावाचा तुकडा, त्यावर ताज्या पांढऱ्या चीजचा थर, वर मुळ्याच्या गुलाबी चकत्या आणि कांद्याची पात. हे पांढरं चीज म्हणजे आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ. पाणी गाळलेलं, थोडं आंबूस, बेचव वाटेल इतकं साधं. वर मीठ-मिरी आपण घालायची. भाचीने ऑम्लेट घेतलं आणि दोघांत मिळून चीजचे चौकोनी तुकडे, सोबत मोहरीची चटणी आणि सेलरीचं मीठ. डुकराच्या डोक्याचं मांस शिजवून त्याच्याच रसात थिजवलेली वडीही तिथे खातात. सोरपोतेल खाणाऱ्यांनी ती जरूर चाखावी, माझा तो वार नव्हता.

या खाण्यालाही अर्थ आहे. चीज, मुळा, पाव हे सगळं शहराबाहेरच्या शेतकऱ्याच्या घरचं. लाम्बिकसुद्धा मुळात ब्रसेल्स आणि त्याच्या नैऋत्येच्या पायोटनलंड या शेतीच्या भागातली, सेन नदीच्या खोऱ्यातली. पॅरिसची सीन वेगळी, ही सेन. ही नदी ब्रसेल्समध्ये दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात ती इतकी घाण झाली, आणि १८६६ साली पटकीने इतकी माणसं मेली, की १८६७ पासून पुढची चार वर्षं खपून शहराने ती जमिनीखाली गाडली आणि वरून रुंद रस्ते काढले. नदी गेली, पण तिच्या खोऱ्याची बिअर आणि मुळा-पाव मेजावर राहिले. ताटातलं मागे उरतं, नकाशातलं पुसलं जातं. आपल्याकडेही खाजन शेती गेलेल्या गावांत कोरगुट तांदळाची पेज म्हाताऱ्यांच्या जिभेवर अजून आहे.

कॅफेत मी त्यांच्या नावाचीच ग्योझ मागवली. सकाळच्या काँतियोंपेक्षा ती कितीतरी मवाळ आणि गोडसर होती. भाची म्हणाली, "ही आता मोठ्या कंपनीची आहे, मामा." खरं आहे. मॉर स्युबित नावाची बिअर कोबेगेम गावच्या डे केअर्समाकर घराण्याच्या ब्रुअरीकडे गेली, ती ब्रुअरी आल्केन-मास कंपनीकडे गेली, आणि ती कंपनी २००८ साली हायनेकनकडे. विसाव्या शतकात कोका-कोलाची गोडी लागलेल्या जिभांना आंबट लाम्बिक नकोशी झाली, तेव्हा ती गोड करून विकायची वाट बऱ्याच जणांनी धरली. उलट काँतियोंने गोड करायचं नाकारलं. गिऱ्हाईक आटलं, तेव्हा मालकांनी १९७८ साली ब्रुअरी हेच संग्रहालय म्हणून उघडलं. लोक तिकीट काढून बघायला येऊ लागले आणि त्यातून बिअर तगली. ब्रसेल्स शहरातल्या लाम्बिक बनवणाऱ्या जुन्या घरांपैकी तेवढं एकच आज उरलं आहे.

म्हणजे बघा, एकाच दिवशी मी वाचण्याचे दोन मार्ग पाहिले. ब्रुअरीने चव सोडली नाही, पण तिला प्रेक्षकांची मदत घ्यावी लागली. कॅफेच्या नावाच्या बिअरची चव बदलली, पण कॅफेची बैठक तशीच राहिली. व्होसेन घराण्याच्या चार पिढ्यांनी ती सांभाळली. यातलं अस्सल कोणतं? दोन्ही, असं माझं मत आहे. पण कॅफेचं काम मला जास्त अवघड वाटतं. बिअर पिंपात तीन वर्षं थांबू शकते, माणसांना दररोज यावं लागतं.

आणि ती येत राहिली. गायक जॅक ब्रेल इथे यायचा असं ब्रसेल्सकर अभिमानाने सांगतात. जवळच्या ला मोने नाट्यगृहाशी संबंध असलेला थोर नृत्यदिग्दर्शक मोरिस बेजार हाही इथला. त्याने १९६० साली ब्रसेल्समध्ये आपली नृत्यसंस्था काढली आणि १९६८ साली आपल्या भारतीय विषयावर 'भक्ती' नावाचं बॅले बसवलं. अशी नावं पर्यटकांच्या पुस्तकांत येतात. पण भाजीपाल्याच्या टेकडीवरचा हा कॅफे एका ब्रेलवर किंवा एका बेजारवर चालला नाही. तो चालला रोज बारा वाजता येणाऱ्या आणि एकला उठून जाणाऱ्या बिननावाच्या लोकांवर.

२०१६ साली युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. नीट वाचा. कुठल्या बाटलीला नव्हे, इमारतीला नव्हे, तर बिअर बनवण्याच्या, पिण्याच्या आणि त्याभोवती जमण्याच्या रीतीला. योगायोग असा की त्याच २०१६ साली गोवा सरकारने कायद्यात दुरुस्ती करून फेणीला 'वारसा पेय' ठरवलं. त्याआधी २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. कागदावर आपण मागे नाही. माझं सगळं आयुष्य कागदावर गेलं, त्यामुळे कागदाची किंमत मला कळते. मानांकन नसेल तर उद्या कोणीही कुठल्याही कारखान्यात स्पिरिटला वास लावून फेणी म्हणून विकेल.

पण कागदाने राखलं ते पेय. बैठक कोण राखणार? आपली तावेर्न आठवा. अर्धं दार, आत दोन बाकं, फळीवर गराफांव, काचेच्या बरणीत चणे आणि उकडलेली अंडी, मिठातल्या आंब्याची फोड. संध्याकाळी शेतातून आलेला मुंडकार, बोटीवरून परतलेला तारवटी, शाळामास्तर आणि पोस्टमन एकाच बाकावर. राखणदाराला रोट आणि सोरो द्यायचा तर बाटली हिंदू यजमान तिथूनच आणायचा. माझ्या ओळखीच्या तीन तावेर्नांपैकी एकीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, दुसरीचा मोठ्या पडद्याचा बार झाला, तिसरी चालवणारी आजी गेली आणि परवान्याचं नूतनीकरण करायला मुलं परदेशातून आली नाहीत. यात कोणाचा गुन्हा नाही. सूर काढायला रेंदेर मिळत नाही, काजूच्या डोंगराला प्लॉटचा भाव येतो, आणि फेणीला वास येतो म्हणून आपलीच मुलं नाक मुरडतात. वास तर त्या ग्योझलाही येतो. तिच्या वासाचं शास्त्रीय नाव त्यांनी आपल्या शहरावरून मिरवलं.

तावेर्न वाचवा अशी घोषणा द्यायला मी हे लिहीत नाही. दारूने घरं मोडलेली मीही पाहिली आहेत आणि व्हान्डरव्हेल्डने कायदा केला तो काही रिकामपणाचा उद्योग नव्हता. पण गावातल्या माणसांनी एकत्र बसायची जागा गेली की तिथल्या थट्टा, टोपणनावं, पैजा, म्हणी सगळं बरोबर जातं, आणि त्यासाठी कुठल्याच खात्यात फाईल नसते. व्होसेनकडेही फाईल नव्हती. त्याने फक्त गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकलं आणि पाटीवर लिहिलं.

तेव्हा तुमच्या गावात, तिसवाडीत असो की सत्तरीत, एखादी जुनी तावेर्न अजून उघडी असेल तर एकदा जा. पीत नसाल तर सोडा घ्या, चणे घ्या. आणि चालवणाऱ्या पात्रांवाला किंवा बायेला एवढंच विचारा की या जागेला लोक काय नावाने ओळखतात आणि का. परवान्यावरचं नाव नको, लोकांच्या तोंडचं हवं. घरी येऊन ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा.